वणी ते ढाणकी: एका बोटीचं वजन

१२ डिसेंबर, गुरुवार. ढाणकी

ही डायरी बियाणाच्या दुकानातली आहे. प्रत्येक पानावर सोयाबीनच्या एका वाणाची तारीफ छापली आहे, ती सोडून उरलेल्या जागेत लिहितो आहे. राखी वहिनीनं दिली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कुठं कुठं जाता ते आमाले तं समजत नाही. लिव्हा. निदान तुमाले तरी समजन."

काम असं आहे. धरणाच्या पाण्यापलीकडे तांडा आहे. तांड्यातली पोरं शाळेला, बाया बाजाराला आणि कापूस जिनिंगला, सगळं पाण्यावरून येतं. नाव सुखीबाईची. बावीस वर्षं तीच चालवते, सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. दिवाळीनंतर नाव पाण्यातल्या बुडालेल्या बाभळीच्या खुंटावर बसली आणि उभी फाटली. आता अठरा तारखेला साहेब पाहणीला येणार. पाण्यावर धड बोट दिसली तर परवाना आणखी तीन वर्षं. नाही दिसली तर नाव बंद, आणि तांड्याला सव्वीस किलोमीटरचा फेरा.

सुखीबाईचा भाऊ हरिसिंग वणीला असतो. त्यानं तिथं एक फायबरची बोट शोधून काढली. कोळशाच्या बंद खड्ड्यात पाणी साचतं, त्यात पंप तरंगत असतो, त्या पंपापर्यंत जायची ती बोट. तांड्यानं घेतली. सोबत ट्रॉलीही आहे. फक्त आणायची आहे.

आमचा धर्मपाल भाऊ लहानपणी ढाणकीहून तांड्यातल्या मित्राकडे सुखीबाईच्या नावेतूनच जायचा, त्यामुळे जीप देतो म्हणाला. पण त्याच्या हाताला प्लास्टर. सतरा तारखेला निघेल.

"कपिल, मले तुह्यावर भरोसा नाही," भाऊ म्हणाला, "पण दुसरा कोणी खाली नाही."

हे मागच्या वर्षीच्या टायरमुळे. टायर आणायला उमरखेडला पाठवलं होतं आणि मी एकवीस दिवसांनी आलो. पण टायर आणला होता, हे कोणी सांगत नाही.

"घाटापर्यंत आण. घाट उतरायचा नाही. वरती थांब. सतराले प्लास्टर काढून मी एसटीनं येतो, खाली मी उतरवतो. समजलं?"

"हाव."

"काय समजलं?"

"वरती थांबाचं."

वहिनी हसली. काहून हसली कोण जाणे.

१३ डिसेंबर, शुक्रवार. वणी

पोचलो. वाटेत कुठंही थांबलो नाही. पांढरकवड्याला थांबलो, पण ते चहासाठी.

हरिसिंगमामानं तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. बोलतो कमी, बघतो जास्त. बोट काळीकुट्ट आहे. मला वाटलं रंग आहे, हात लावला तर हातही काळा. ती हौदावर नेऊन दोघांनी धुतली, खाली पांढरी निघाली.

मी म्हटलं, "चला, जोडतो अन् निघतो."

मामा म्हणाला, "तोलल्याशिवाय?"

"बोट तोलाची? विकाची थोडीच हाय?"

"घाटात ब्रेक मारशील तवा तिचं वजन तुह्या पाठीवर येईन. ट्रॉलीले ब्रेक नाही. कितीचं वझं पाठीवर हाय हे ज्याले मालूम नाही त्यानं घाट उतरू नाही."

मग ट्रक तोलायच्या काट्यावर. मागं कोळशाचे अकरा ट्रक, सगळे हॉर्न मारून राह्यले. मी जीपसकट काट्यावर चढवली तर मामा ओरडला. जीप सोडायची, ट्रॉली एकटी तोलायची, नाहीतर जीपचंही वजन त्यात येतं.

काटेवाल्यानं खिडकीतून विचारलं, "माल?"

"बोट."

"बोट माल नाही होत. माल काय हाय बोटीत?"

"काही नाही."

"मग तोलता कायले?"

मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. तो इथं लिहीत नाही, डायरी वहिनी वाचेल.

सहाशे चाळीस किलो भरलं. मग मामानं कांद्याच्या व्यापाऱ्याकडून पोत्याचा काटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रॉलीच्या दांडीचं टोक. पासष्ट. मामा पहिल्यांदा हसला.

"याले म्हणते बरोबर. दांडीवर दहावा हिस्सा पाहिजे. कमी झाला तं शेपूट हलवीन. अन् ह्या जीपले आठ क्विंटलच्या वर लावाचं नाही. रिकामी बोट हाय, खालीच ने."

सगळं लिहून घेतलं. दहावा हिस्सा. आठ क्विंटल. सोपं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार. वणी

आज निघायचं होतं. मामाची सून म्हणाली, गावात राखी वहिनीची मावशी राहते, रुखमाबाई, तिला भेटल्याशिवाय गेलास तर वहिनी घरात घेणार नाही. भेटलो. जेवलो. झोपलो. उठलो तर दारात डाळीचं पोतं.

"मावशी, हे काय?"

"तुरीची डाळ. राखीले."

"मावशी, मामानं सांगतलं, काही भराचं नाही. वजन—"

"डाळीले काय वजन असते? डाळ हाय ते."

"पन्नास किलो हाय."

"एवढी मोठी गाडी खाली चाल्ली, अन् मी डाळ एसटीनं पाठवू? लोक काय म्हणतीन? खाली गाडी नेणं चांगलं नसते पोरा."

हे तर खरं. आमच्याकडे रिकामी बैलगाडीसुद्धा कोणी जाऊ देत नाही, निदान पेंडी तरी टाकतात. पोतं बोटीत मागं टाकलं. पुढून चढवायला बोट उंच पडते.

मग शेजारीण आली. तिच्या पोरीचा लोखंडी पलंग आर्णीला पोचवायचा. आर्णी रस्त्यातच आहे.

१५ डिसेंबर, रविवार. करंजीच्या अलीकडे

आज शंकरपट होता. मला माहीत नव्हता, रस्त्यावर बैलजोड्या दिसल्या म्हणून विचारलं. एकच जोडी बघून निघायचं ठरवलं. अठ्ठावीस जोड्या बघितल्या. एक बैल, नाव त्याचं कलेक्टर, सुटला तो पट सोडून सरळ भज्यांच्या दुकानात. त्याचा मालक म्हणे, "भूक लागली असन." पंच म्हणाले बाद. मालक म्हणाला, भजे खाऊ द्या, मग बाद करा.

तिथं विक्की भेटला. हा माझ्याबरोबर पुसदला दोन महिने मंडप बांधायच्या कामावर होता. बोट बघून त्याला फार आनंद झाला. रस्त्यावर बोट दिसली की लोकांना आनंद होतोच. सकाळपासून तेवीस जणांनी विचारलं, "पूर येऊन राह्यला का?"

विक्कीचा बोकड ढाणकीला त्याच्या बहिणीकडे पोचवायचा आहे. बोटीत उभा केला. मागच्या फळीला बांधला. त्याला तिथून रस्ता दिसतो, खूश आहे. विक्कीच्या ओळखीच्या गिरणीवाल्याची दोन दगडी चाकं पण आहेत, महागावला द्यायची. चौघांनी उचलली. चाकं बोकडाजवळ ठेवली, त्याला टेकायला होतात.

एक गोष्ट. चाळीसच्या वर जीप गेली की बोट मागं डावी-उजवी करते. आज वारा फार होता.

१६ डिसेंबर, सोमवार. घाटंजी

वारा नाही, तरी हलते. करंजीच्या पुढं एका एसटीवाल्यानं मला ओलांडताना डोक्याला हात लावला. आधी वाटलं नमस्कार केला.

मला हरिसिंगमामा आठवला. पुन्हा तोलून बघावं, जबाबदारीनं. घाटंजीत जिनिंगवर मोठा काटा आहे. कापसाच्या गाड्यांची रांग होती, रांगेत नंबर लावला. सकाळीच नदीवर बोकडासकट सगळी बोट धुतली होती, कारण बोकड. पाणी गळत होतं.

काटाबाबू चष्मा पुसत बाहेर आला.

"ओला माल हाय."

"बोट हाय, दादा. बोट ओलीच असते."

"काही असो. माझ्या काट्यावर ओल्या मालाची घट कापल्याबिगर पावती निघत नाही. कॉम्प्युटरच तसा हाय." त्यानं बोटीच्या कडेला हात फिरवला, कापूस बघतात तसा चिमटीत काहीतरी धरून चोळलं, आणि म्हणाला, "आठ टक्के."

"दहा असन," मागचा शेतकरी म्हणाला. "बोकडही ओला हाय."

"आठ म्हटलं ना!"

पावतीवर एकूण आठशे पंचावन्न, घट अडुसष्ट, निव्वळ सातशे सत्याऐंशी.

आठ क्विंटलच्या आत! तेरा किलो बाकीच आहेत! फार बरं वाटलं. मामाला फोन करून सांगितलं, "मामा, निव्वळ सातशे सत्याऐंशी."

मामा म्हणाला, "खाली बोट वाटेत काय खाते?"

"काट्या-काट्यात फरक असते मामा."

"दांडी तोलली का?"

दांडी राहिलीच होती. पण छोटा काटा कुठून आणू? तोपर्यंत मागच्यांनी शिव्या सुरू केल्या होत्या. मी हातानं उचलून बघितली, एका हातानं उचलली गेली. म्हणजे हलकी आहे. हलकी म्हणजे चांगलंच.

मामानं फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

१६ डिसेंबर, संध्याकाळ. आर्णी

पलंग द्यायला गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या नलूआत्या म्हणाल्या, पोरगी सासूकडे उमरखेडला गेली, तिकडेच ने. आणि पलंग नेतोच आहेस तर तिची आलमारीही ने, ती इथं माझ्या वरांड्यात सहा महिन्यांपासून पडली आहे.

मी स्वच्छ नाही म्हणणार होतो. पण मग डोकं चाललं. बोटीचं शेपूट हलतं कारण शेपूट हलकं आहे. त्यावर दाब दिला तर हलणार नाही. म्हणून आलमारी मुद्दाम एकदम मागं, आडवी टाकली, दोरानं बांधली. बोकड आता तिच्यावर उभा राहतो.

मला वाटतं मी इंजिनीअरिंगला जायला पाहिजे होतं. दहावीचं गणित आडवं आलं.

१७ डिसेंबर, मंगळवार. घाटाच्या वर

दाब दिल्यानं काही फरक पडला नाही. उलट महागावच्या अलीकडं छोटासा उतार होता, तिथं बोट जीपला ढकलायला लागली आणि मागून अशी फिरली की मला आरशात बोकड दिसला. मग बाजूच्या खिडकीतून दिसला. पुढचा एक तास मी बैलाच्या चालीनं आलो. (गिरणीची चाकं द्यायची राहिली. थांबायची हिंमत झाली नाही, आणि चालू ठेवायचीही नव्हती.)

पण घाटाच्या वर थांबलो! दुपारी दोनला. भाऊ तीनला एसटीतून उतरला, हात प्लास्टरमधून निघालेला, पांढरा आणि बारीक. आधी जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बोटीकडे. बोटीकडे बराच वेळ.

"हे काय हाय?"

"बोट."

"बोटीत?"

"थोडं सामान. रस्त्यातलंच."

"बोकड?"

"तो विक्कीचा."

भाऊनं ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. घाट खाली दिसतो, सात वळणं, खाली पाणी चमकतं. म्हणाला, "हूक काढ."

मी खिळा काढला. दांडी हातात धरायची तर ती माझ्या हातात राहिलीच नाही. सटकन वर गेली, माझ्या हनुवटीला लागली, आणि बोट मागच्या मागं बसली, तोंड आभाळाकडे. आलमारी सरकली, चाकं रस्त्यावर पडली, एक चाक घाटाकडे चाललं होतं ते भाऊनं पायानं अडवलं. बोकड उडी मारून आधीच बाजूला उभा.

भाऊ म्हणाला, "उलाळ."

एवढंच. बैलगाडी मागं जड झाली, जू वर गेलं, बैल टांगले गेले, की आमच्याकडे गाडी उलाळ झाली म्हणतात. पाचवीतलं पोरगं मागं बसलं तरी गाडीवान ओरडतो, पुढं सरक. हे मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. पण बोटीला बैल नसतात म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही.

"पावती दाव." मी घाटंजीची दिली. भाऊनं वाचली. "घट?"

"ओली होती ना."

"कपिल, पाणी वजनातून कापलं म्हणजे पाणी जाते का रे? पैसे कापायसाठी असते ते! घाटाले काय मालूम तुही घट!" मग तो रस्त्याच्या कडेला बसला. "मी ही अशीच उतरवली असती तं तिसऱ्या वळणावर आम्ही तिघं पाण्यात. बोट बी, जीप बी, मी बी. अन् उद्या पाहणी."

मी हनुवटी चोळत राहिलो.

सगळं उतरवलं. पोतं, पलंग, चाकं, आलमारी, बोकड. भाऊचा हात अजून कच्चा, त्यामुळे उतरवलं मीच. मी वणीतले दोन्ही आकडे सांगितले. मग भाऊनं दांडी दोन्ही हातांनी उचलून बघितली, वाकला, कण्हला, म्हणाला, "आता हाय. पासष्टच्या आसपास."

"मग हे सामान?"

"तेच विचारतो तुले. लोकाचं हाय. टाकून चालणार नाही, नेऊन चालणार नाही. आज मले पोचाचं हाय, उद्या पाहणी होऊ देईन, अन् मग येईन. परवा सकाळी." जीपमध्ये बसून त्यानं खिडकीतून विचारलं, "थांबशील?"

"हाव."

"कपिल, एका जागी थांबणं म्हणजे—"

"मालूम हाय एका जागी थांबणं म्हणजे काय."

तो गेला. बोट मागं सरळ चालली होती, गरीब वासरासारखी. सातही वळणं बघितली. शेवटच्या वळणानंतर ती बोटाएवढी झाली, मग नखाएवढी.

१८ डिसेंबर, बुधवार. तिथंच

आलमारी वाऱ्याच्या बाजूला उभी केली, आडोशाला पलंग, पलंगाखाली डाळ. चाकांवर चूल. घर झालं. झोप बरी लागली.

सकाळी मोटारसायकलवर नवरा-बायको थांबले. बायको आलमारीचं दार उघडून बघायला लागली.

"कितीची?"

"विकाची नाही."

"मग रोडवर काहून मांडली?"

"राहतो इथं."

नवरा म्हणाला, "आरसा नाही आलमारीले." बायको म्हणाली, "पलंग चांगला हाय, पण बोकड काहून बांधला त्याले?" अर्धा तास बसले, चहा माझ्याकडूनच पिऊन गेले. दुपारपर्यंत असे सहा गिऱ्हाईक. एकानं डाळीचा भाव सांगितला, मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

अकरा वाजले. पाहणी अकराची. भाऊचा फोन बंद. बारा. एक. फोन बंदच. इथून पाणी दिसतं पण बोट दिसत नाही, चमक फक्त. डोळे बारीक करून बघत राहिलो. जेवण केलं नाही, बोकडाचं केलं.

दोनला एक लांबचा ट्रक थांबला, इंजिन गरम झालं म्हणून. ड्रायव्हर हैदराबादचा, बोलका. मी रेडिएटरला पाणी आणून दिलं. म्हणाला, "चल भाई, क्लीनर भाग गया मेरा. परसों हैदराबाद, फिर विजयवाडा. समंदर देखा कभी?"

समुद्र मी बघितलेला नाही. दोन वर्षांपासून बघायचा आहे. केबिनचं दार उघडंच होतं, आत गाणं चालू, सीटवर नवीन गादी.

पण बोकडाला कोण बघेल? त्याला ट्रकमध्ये नेता येत नाही आणि इथं सोडता येत नाही. सगळी अडचण बोकडाची. तसं मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, बोकड पण चालेल, रस्त्यात कापू. मी म्हटलं, तो माझा नाही.

"तो फिर तू यहाँ किसका है?" त्यानं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच गाडी काढली. चांगला माणूस होता, पण घाई फार.

साडेचारला फोन आला. भाऊ ओरडून बोलत होता, मागं बायांचा गोंधळ. साहेब अकराऐवजी तीनला आले. बोट पाण्यात उतरवली तर काठावरची सगळी पोरं आधी बसली, ती उतरवायलाच अर्धा तास. साहेब म्हणाले, मला पोहता येत नाही. सुखीबाई म्हणाली, साहेब, बावीस वर्षांत मलाही गरज नाही पडली. एक फेरी मारून आणली. परत आल्यावर साहेबांनी आधी बोटीतच सही केली, मग दोन पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून उतरले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. तीन वर्षं." मग, "तू कुठं हायस?"

"इथंच."

"इथंच म्हणजे?"

"घाटावर. कुठं असणार?"

भाऊ म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. परवाना मिळाल्यावर माणूस असा बोलतो का?

१९ डिसेंबर, गुरुवार. तांडा

भाऊ सकाळी यायचा होता, उजाडायच्या आत आला. मी पलंगावर झोपलेलो. डोळे उघडले तर तो समोर उभा, बराच वेळ उभा असावा. वहिनीनं डबा दिला होता. भाऊनं स्वतः उघडून दिला, स्वतः चटणी वाढली. हे त्यानं आजपर्यंत केलेलं नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. डोळ्यात धूळ गेली."

थंडीत, दव पडलेलं, धूळ कुठली? विचारलं नाही. डबा चांगला होता.

सामान जीपमध्ये दोन खेपांत गेलं. आधी महागावची चाकं, मग उमरखेडचा पलंग आणि आलमारी. पोरीची सासू म्हणाली, आलमारीवर बोकडाच्या खुरांचे डाग आहेत. मी म्हटलं, घट कापून घ्या. भाऊ हसला. बोकड विक्कीच्या बहिणीला, डाळ वहिनीला. वहिनीनं पोतं उघडून बघितलं आणि म्हणाली, मावशीनं मागच्या वर्षीचीच डाळ दिली.

दुपारी आम्ही पाण्यावर गेलो. पांढरी बोट, बाजूवर कोणीतरी कुंकवाचा हात उमटवलेला. सुखीबाई वल्ह्याला टेकून उभी. सत्तरीची असेल, माझ्या खांद्याएवढी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आलमारीवाल्या बाईनं पलंग बघितला होता तसं.

"तूच का रे तो छोरा? आलमारीवाला?"

"हाव, याडी."

"किती वजन तुहं?"

"मालूम नाही. तोललं नाही कधी."

"बावन्न-त्रेपन्न," ती म्हणाली. "बस."

बोटीत शाळेची नऊ पोरं, दोन बाया, एक कोंबडीची टोपली. मी सवयीनं मागच्या टोकाला जायला लागलो, तिकडून पाणी चांगलं दिसतं. सुखीबाईनं वल्ह्यानं माझा रस्ता अडवला.

"तिकडं नाही. मधात."

मधात बसलो. दोन्ही बाजूंनी पोरं दाटली, एकीचं दप्तर माझ्या मांडीवर. मधल्या पाण्यात डावीकडे काळा, मोठा मासा उसळला. पोरं ओरडली, "मासा, मासा!" बघायला मी वळणारच होतो. सुखीबाई माझ्याकडेच बघत होती.

मासा कसा होता ते माहीत नाही. पंचवीस मिनिटं हललो नाही. डावा पाय पार बधिर झाला.